आक्कांनी सोडलेलं हातभर गवत

गेल्या महिन्यात सकाळच्या एसटीने पुतण्या पंचवटीत आमच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि ‘काकी, आई गेली’ एवढंच म्हणाला. त्याची आई म्हणजे आक्का, माझ्या थोरल्या जाऊबाई. मला आधी रडू आलं नाही. बारा वर्षं विचारत आलेला प्रश्न आता कुणाला विचारू, हेच मनात आलं.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. दिंडोरीजवळच्या गावी सासऱ्यांनी बऱ्याच आधी दोघा मुलांना शेत तोंडीच वाटून दिलं होतं. मध्ये हद्दीचा दगड पुरला, कागद काही केला नाही. पुढे दगड मातीत दडला, नांगरागणिक बांध जागोजागी सरकत गेला आणि विहीर कुणाच्या हद्दीत यावरून भावाभावांचं बोलणं तुटलं. थोरल्या दिरांनी आमचं पाणी बंद केलं. आमच्या नव्या द्राक्षवेली डोळ्यांदेखत माना टाकत होत्या. बांधावरचं गवत मात्र आम्ही दोघी जावा कापायचो, त्या पलीकडून, मी अलीकडून. एका जागचं हातभर गवत आक्का कधीच कापत नसत. मी नवी नवरी असताना म्हणाल्या होत्या, ‘तेवढं सोड गं.’ मी सोडत आले. शाळेत पोरांना प्रश्न विचारणारी मी, पण ‘का’ म्हणून विचारलं नाही!

मोजणीवाले आले. दिवसभर साखळी ओढली, नकाशा उलटासुलटा केला, दगड सापडेना. शेवटी बांधावर वहिवाट कुणाची हे कळावं म्हणून साहेबांनी दोघा भावांना विचारलं, “बांधावरचं गवत कोण कापतं?” दोघं एकदम म्हणाले, “आम्ही!” जन्मात विळा न धरलेले ते दोघे... मला हसू आवरेना. तेवढ्यात आक्का पदर सावरत पुढे झाल्या. “कापतो आम्ही जावा. पर ती तिथली जागा कुणीच कापत नाय.” दिरांनी डोळे वटारले. तिथे पहार मारली, तर दोन बोटं खालीच दगड, दगडाखाली खुणेचा कोळसा. हद्द तिथून धरली आणि विहीर आमच्याकडे आली.

दीर महिनाभर आक्कांशी बोलले नाहीत. त्या मात्र दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आल्या. “शालन, खरं बोलायचं ते मी बोलले. आता पाणी तू दे.” मी यांच्याशी भांडभांड भांडले आणि चार दिवस आमचे, तीन त्यांचे अशी पाण्याची पाळी कागदावर लिहून घेतली. मोजणीने हद्द कळली, पण तंटा मिटला तो या पाळीने.

दगड तिथे आहे हे आक्कांना ठाऊक होतं का? दर दिवाळीला मी खोदून खोदून विचारायची. “मला काय ठाव? सासूबाई म्हणल्या सोड, सोडलं...” असं म्हणून त्या चुलीकडे वळायच्या.

तेराव्यानंतर पुतण्याने माळ्यावरून फडक्यात गुंडाळलेला एक जुना विळा काढून दिला. “आई म्हणली व्हती, हा काकीला द्या. आईच्या लग्नातला हाय.” मी फडकं सोडलं. विळ्याच्या टोकाशी मोठा टवका उडालेला होता. गवत कापून असा टवका उडत नाही, विळा दगडावरच बसावा लागतो. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. घरची विहीर जाणार हे कळत असताना आक्का पुढे आल्या होत्या. तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

“काकी, धार लावून आणू का?” पुतण्याने विचारलं. मी नको म्हटलं.