घाटाला पाजलेलं औषध

माझ्या सायकलीच्या दांड्याला एक लोखंडी कडं आहे. ते कशासाठी म्हणून कुणी विचारलं की मी विषय बदलतो.

कापूस फुटायच्या दिवसांत आमच्या चार वर्षांच्या मुलीला ताप आला आणि तो उतरेचना. आमचं गाव मोताळ्याजवळ, घाटाखाली. दवाखाना वर बुलढाण्याला. डॉक्टर एकदा येऊन बघून गेले. पोरीला हलवू नका, म्हणाले, आणि औषधात खंड पडू देऊ नका. तेव्हा बाटली आपली आपण न्यावी लागे. कंपाउंडर ती औषधानं भरून देई आणि मात्रा कळाव्यात म्हणून कातरलेली कागदाची पट्टी वर चिकटवी.

पहिली बाटली मी पिशवीत घालून हँडलला अडकवली. घाटात ती दांड्यावर आपटली आणि पिशवीतून औषध ठिबकू लागलं. खिशात ठेवायची सोय नव्हती, कारण मी पडतो, आणि नेमका त्याच अंगाला पडतो. एका हातानं सायकल चालवणं तर मला आजही जमत नाही. म्हणून परत वर जाऊन बुलढाण्यातच पत्र्याची कामं करणाऱ्याकडून बाटलीसाठी डबडं करून घेतलं. उधार बाटली मिळवली, भरून घेतली. दुसऱ्याच वळणावर डबड्याचा डाग, म्हणजे कथलाचा सांधा, सुटला आणि बाटली रस्त्यावर फुटली.

त्या दिवशी मी रिकाम्या हातानं घरी गेलो. पोरीच्या कपाळावरची पट्टी बायकोनं फक्त उलटी केली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच लोहाराकडे गेलो. मला आता टिकाऊ काम हवं होतं. त्यानं बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेची पट्टी तापवून कडं ठोकलं, खाली आधार दिला आणि म्हणाला, "सायकल मोडन मास्तर, पन हे मोडत नाही."

खरं बोलला. कडं जागचं हललं नाही. त्यात ठेवून भरून आणलेल्या घरच्या बाटलीचे मात्र घाट उतरेपर्यंत तीन तुकडे झाले. मी तिथंच दगडावर बसलो. शाळेत शंभर पोरांना दरडावणारा मी, त्या कागदी पट्टीकडे बघत रडलो. पट्टी शाबूत होती. मात्रा आठ.

घरात आता एकच बाटली उरली होती, बायकोच्या केसांच्या तेलाची. तिनं तेल वाटीत ओतलं, राखेनं बाटली घासली आणि माझ्या हातात दिली. पुन्हा वर गेलो. कंपाउंडरनं बाटली उन्हात धरून पाहिली. "मास्तर, औषध पोरीले पाजून राह्यले का घाटाले?" त्यानं विचारलं. मी हसायचा प्रयत्न केला, तो काही साधला नाही. त्यानं मग बाटली गळ्यापर्यंत भरली.

दवाखान्याबाहेर एक म्हातारा पिंजारी खांद्याला कापूस पिंजायची धनुकली अडकवून बसला होता. माझ्या कड्यात बोट घालून त्यानं ते वाजवून पाहिलं. "मास्तरसाब, बोतल को गादी तो दो," तो म्हणाला आणि झोळीतून मूठभर कापूस काढून दिला. दोन दिवस मी कापसाच्या शेतांमधून चढउतार करत होतो, धोतराला कापूस चिकटत होता, आणि शोधत होतो लोखंड.

कापूस ठासला. बाटली घट्ट बसली. तालुक्यात तसं कडं कुणाच्या सायकलीला नसेल. पण घाटाच्या तोंडाशी आलो आणि माझा धीरच झाला नाही. सायकलीवरून उतरलो, बाटली काढून छातीशी धरली, दुसऱ्या हातानं सायकल ढकलत घाट आणि पुढचा सगळा रस्ता पायी तुडवला. वाटेतल्या गाडीवानांनी चाक फुटलं का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी चौथ्या मात्रेला पोरीनं तोंड वाकडं केलं. "कडू हाय," ती म्हणाली. आठ दिवसांत तिनं उच्चारलेला हा पहिला शब्द. तोवर जे ओठांत घालू ते ओघळून जाई.

बायको भिंतीकडे तोंड करून उभी होती. मग पदरानं डोळे पुसून दाराबाहेर टेकवलेल्या सायकलीकडे बघत म्हणाली, "पायीच यायचं होतं, तं हे कडं काऊन ठोकून घेतलं?"

मी पाय शेकत बसलो होतो. पुढची मात्रा केव्हाची, ते मी विचारलं.