नसलेल्या बहिणीचा पाहुणा

खोबरेलाची बाटली उघडली की मला नाशिकमधली ती भाड्याची खोली आठवते. मी एकोणीस वर्षांचा होतो, शिकायला आलेला, आणि गावात ओळखीचं कुणी नव्हतं. गळा गोड म्हणून कॉलेजच्या नाटकात मला नायिका केलं होतं. विलायती नाटकावरून बेतलेली गोष्ट होती. त्यातली नायिका प्रियकराला शोधायला पुरुषाच्या वेषात घर सोडते.

प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोबरेल लावून डोळ्यांतलं काजळ काढत होतो, तेवढ्यात कडी वाजली. दारात एक तरुण उभा होता, हातात पेरूंची पिशवी. निफाडला मास्तर आहे म्हणाला.

"कालच्या नाटकातल्या बाई इथेच राहतात ना?" त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. "आपण त्यांचे भाऊ दिसता. चेहरा अगदी तोच आहे."

त्याचे कान लाल झाले होते. खरं सांगून त्याचं हसं करायला मला जमेना.

"हो," मी म्हणालो, "पण ताई सकाळीच गावी गेली. तिचं लग्न ठरलंय."

"त्यांना सांगा, नाटकात पुरुषाच्या वेषातही मी त्यांचे डोळे ओळखले." पिशवी माझ्या हातात देऊन तो जिना उतरला.

तेव्हा वाटलं, बिचाऱ्याची लाज राखली. आता वाटतं, खरं बोललो असतो तर दोघंही हसलो असतो, मीठ लावून पेरू खाल्ले असते. त्या अख्ख्या वर्षात माझ्या दारी एवढं एकच माणूस आलं, आणि त्याला मीच परत पाठवलं.