पास्कोलकाकांच्या गाडीचा गिअरबॉक्स

आधी नाव लिहून टाकतो, म्हणजे मग मागे फिरता येणार नाही. पास्कोलकाका. वसईजवळ गिरीजला त्यांची केळीची वाडी आहे, आणि वाडीच्या टोकाला विहिरीजवळ एक कौलारू खोली आहे. त्या खोलीत मी माझी उमेदीची वर्षं काढली. भाड्याचा विषय काकांनी कधी काढला नाही. मला कावीळ झाली तेव्हा फिलूमावशी, म्हणजे काकांची बायको, सकाळ-संध्याकाळ पेज घेऊन यायच्या आणि वाटी रिकामी झाल्याशिवाय उठायच्या नाहीत. मी उदगीरकडचा. सहावीत शाळा सुटली ती सुटलीच. वालीवला एका गॅरेजात कामाला लागलो तेव्हा या मुलखात मला ओळखणारं एक माणूस नव्हतं. काकांनी मला ठेवून घेतलं. का ठेवून घेतलं, ते मला अजून कळलेलं नाही.

त्या माणसाचं मी काय केलं, हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या मेस्त्रींना नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि हे पोटात ठेवून मला झोप येत नाही, असं लिहिणार होतो — पण ते खोटं होईल. झोप येते. त्याचीच भीती वाटते मला.

काकांकडे एक जुनी मोठी गाडी होती. मूळची पेट्रोलची, आधीच्या मालकानं तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. ऐंशी सालाच्या आसपास असं बरेच जण करायचे. काका तिला म्हातारी म्हणायचे. "म्हातारी आज खोकतेय," म्हणायचे, "बघ रे जरा." लग्नात नवरा-नवरीला चर्चपर्यंत न्यायला ती जायची, पण तिचं खरं काम ते नव्हतं. गावात कुणी माडावरून पडलं, कुणाची बाई अडली, की माणूस धावत काकांच्या दारात यायचा, आणि काका हातातला कोयता तिथेच टाकून गाडी काढायचे. हे सगळं आधी का सांगतोय? कारण मलाही ते माहीत होतं. त्या गाडीत कोण बसतं ते मला पक्कं माहीत होतं.

एकदा म्हातारीच्या गिअरबॉक्सचे दात गेले. मेस्त्रींनी खोलून पाहिलं आणि म्हणाले, ही गिअरची पेटी पेट्रोलची आहे, डिझेलचा जोर हिला पेलायचा नाही. डिझेल गाडीचीच पेटी आणून बसवा, तरच टिकेल. जुन्या भंगारातच मिळणार होती. मेस्त्री सातिवलीच्या कारखान्यांच्या ट्रकमध्ये अडकलेले. ते म्हणाले, तू जा. आणि काका मेस्त्रींसमोर म्हणाले, आमचा पोरगा बघून आणील, त्याचा हात चांगला आहे.

आमचा पोरगा. मला किती बरं वाटलं असेल, तुम्हीच सांगा.

दोन पेट्या बाहेरून सारख्याच दिसतात. ओळखायची एक रीत आहे. पेटीतून पुढे आलेल्या दांड्यावरचे चर, म्हणजे खाचा, आपल्या क्लच प्लेटला बसतात का ते आधी बघायचं. दांड्याची लांबी बघायची. मग पहिला गिअर टाकून पुढचा दांडा हातानं फिरवायचा आणि मागचा एक पुरा फेरा घेईपर्यंत पुढच्याचे किती होतात ते मोजायचं. पेट्रोलच्या आणि डिझेलच्या पेटीचे फेरे वेगळे पडतात. एवढं झालं की पेटी कुठली ते कळलं. पण ती घ्यायची की नाही, ते आतल्या तेलावरून. खालचा बोल्ट काढायचा, थोडं तेल हातावर घ्यायचं, चोळायचं. चमचम दिसली तर आतला धातू झिजतोय. आणि मेस्त्री आणखी एक सांगायचे, हसत हसत — घासलेली पेटी विकताना भंगारवाले तिच्यात लाकडाचा भुसा घालतात, नाहीतर पिकलेली केळी. आवाज दबतो. थोडे दिवस पेटी नव्यासारखी चालते.

कुर्ल्याच्या भंगार बाजारात मी आणि काका गेलो. पेटी मिळाली. चर जुळले, लांबी जुळली, फेरेही डिझेलचे पडले. काका बाजूला उभे राहून माझ्याकडे बघत होते, शाळेत मुलाचं नाव पुकारल्यावर बाप बघतो तसे. मी खालच्या बोल्टला पाना लावला आणि दुकानदार खेकसला — खोलना है तो पहले ले लो. मी पाना काढून घेतला. तेल भरायच्या वरच्या भोकात नुसतं बोट घातलं, वास घेतला. गिअर ऑइलचा तो उग्र वास होताच. आणि त्याच्या खाली एक गोडूस वास.

मला कळलं? खरं सांगू — कळलं. केळीच्या वाडीत राहणाऱ्याला तो वास कळणार नाही? पण म्हणायचं काय? काका लावणीचं काम टाकून आले होते. दुकानदार माझ्याकडे बघत होता. आता नको म्हटलं तर काका विचारतील, मग आधीच कसं नाही कळलं तुला? मेस्त्री म्हणतील, याला पाठवूनच चूक केली. मी असा भिणारा होतो की कुणी जोरात बोललं तरी मला माझी पिशवी भरून दाराबाहेर ठेवलेली दिसायची. मी बोट पुसलं आणि म्हणालो, चांगली आहे काका.

दुसऱ्या दिवशी पेटी वाडीतच, माडाच्या झापांच्या मांडवाखाली ठेवून मी एकट्यानं तेल काढलं. दाट काळ्या तेलाबरोबर लिबलिबीत गोळे आले, भुसा आला, सालीचे धागे आले. गिअर नीट बसवणारी पितळी कडी झिजून धारेला आलेली. तेव्हाही सांगता आलं असतं. काका पलीकडे केळीला पाणी सोडत होते, गुणगुणत होते. मी तो सगळा लगदा फावड्यानं उचलून केळीच्या बुंध्याशी पुरला. वाडीत केळीची साल कुणाच्या डोळ्यात येणार?

नवं तेल भरून पेटी बसवली. थोडे दिवस बरी चालली. मग तिसऱ्या गिअरला पेटी विव्हळायला लागली. काका म्हणाले, म्हातारी परत रडतेय रे. मी म्हणालो, नवी पेटी आहे, बसायला वेळ लागतो.

आता जे लिहायचं आहे, त्याच्याभोवती मी इतका वेळ फिरतोय.

त्याच दिवशी फिलूमावशींनी मला डब्याबरोबर पिकलेली केळी दिली होती. रोजच द्यायच्या, कावीळ झाल्यापासून माझ्या अंगात ताकद नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. ती केळी मी खाल्ली नाहीत. कुस्करली, वखारीतून भुसा आणला, आणि दोन्ही पेटीत घातलं. त्यांनी मला खायला दिलेलं मी त्यांच्याच गाडीत घातलं — आवाज दबावा म्हणून. आवाज दबला. काका खूश झाले, गावात सांगत सुटले की पोरानं म्हातारीला गप्प केलं.

पण गिअर गप्प बसत नव्हता. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय सुटला की तिसरा गिअर आपोआप बाहेर यायला लागला. काकांनी मला विचारलं, असं का होतं? आणि मी — हे वाक्य मी किती वेळा मनात म्हटलंय, त्याला हिशेब नाही — मी म्हणालो, "काका, तुम्ही गिअर अर्धा टाकता. पुरा बसवत जा."

ते माझ्याकडे बघून ओशाळले. हो रे, म्हणाले, हात जड झाला आता. त्यानंतर गिअर टाकताना ते प्रत्येक वेळी दांडा दाबून बघायचे. शिकणाऱ्या माणसासारखे.

मग शेजारची रेजिना अडली. पहिलं बाळंतपण, दुपारची वेळ. वसईच्या दवाखान्यात सांगितलं, ठाण्याला न्या, इथे जमणार नाही. काकांनी गाडी काढली आणि मला हाक मारली — चल, वाटेत म्हातारी रुसली तर तू लागशील. मागे रेजिना आणि तिची सासू, पुढे काका आणि मी. नको म्हणायला मला एकच क्षण मिळाला होता, तोही मी दार उघडण्यात घालवला.

हायवे लागला, खाडीचा पूल गेला, घोडबंदरचा रस्ता सुरू झाला. मागे ती कण्हत होती, तिची सासू जपमाळ करत होती. मी बाहेर बघितलंच नाही. मी गिअरच्या दांड्याकडे बघत होतो. दांडा हलका थरथरत होता. मला वाटलं, हात ठेवून धरून बसावं. पण धरलं तर काका विचारतील, का धरलंस? आणि विचारलं तर? विश्वास ठेवा, इतक्या भीतीतही मला त्या प्रश्नाची भीती जास्त होती. हात मांडीखाली दाबून मी बसून राहिलो.

उतार आला. काकांनी तिसरा टाकला, दाबून बघितला. तरी तो सुटला. दांडा उडून मध्ये आला आणि इंजिनाचा आवाज एकदम मोकळा झाला. गाडी धावायला लागली. काकांनी परत टाकायचा प्रयत्न केला. आतून नुसतं खरडल्याचं ऐकू आलं. ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, तो तापून खाली खाली जायला लागला. समोरून ट्रक येत होता. रेजिनानं माझ्या सीटची पाठ मुठीत धरली, ती ओढ मला खांद्यात लागली. काका ओरडले नाहीत. ट्रक पोचायच्या आत त्यांनी गाडी उजवीकडे डोंगराच्या अंगाला घातली, स्वतःची बाजू पुढे करून.

मला खरचटलंसुद्धा नाही. रेजिना आणि तिची सासू सीटखाली कोसळल्या, पण धड होत्या. मागून आलेल्या टेम्पोवाल्यानं त्यांना ठाण्याला नेलं. संध्याकाळी मुलगी झाली, चांगली. काका स्टिअरिंगच्या मागे अडकले होते, उजवा गुडघा पत्र्यात दबलेला. मी पत्रा ओढत होतो आणि रडत होतो. त्यांना वाटलं, मी त्यांच्यासाठी रडतोय. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "माझीच चूक रे. अर्धा राहिला गिअर. तू सांगितलेलंस मला."

मी पत्रा ओढत राहिलो.

खरं नंतरही सांगितलं नाही. गाडी ओढून वालीवला आणली तेव्हा मेस्त्री यायच्या आत मी पेटीतलं तेल काढून गटारात सोडलं. मेस्त्रींनी मोडलेली कडी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि धक्क्यानं मोडली असेल म्हणाले. म्हातारी भंगारात गेली. काकांचा गुडघा परत वाकला नाही. गाडी त्यांनी पुन्हा घेतली नाही; कुणी विचारलं तर म्हणायचे, आता माझ्या हातात लोकांचा जीव द्यायचा नाय. त्यानंतर गावात कुणी अडलं की माणसं दुसरीकडे धावायची. कुणाला वेळेवर गाडी मिळाली आणि कुणाला नाही, ते मी विचारत नाही. विचारायची हिंमत नाही.

रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात माणसं उभी असतात. काका पाय ओढत सावकाश पायऱ्या उतरतात, तेव्हा त्यांच्या वयाचा कुणीतरी हटकून म्हणतो, "पास्कोल, गिअर पुरा टाक रे." सगळे हसतात. काकाही हसतात. म्हणतात, टाकतो बाबा, टाकतो. वाईट मनानं कुणी म्हणत नाही, मला माहीत आहे. पण एकदा मी त्यांना आणायला गेलो होतो, घोळक्यात उभा होतो, आणि तेव्हा — मीही हसलो. सगळे हसतात म्हणून. न हसणारा ओळखू येतो म्हणून.

आता माझं स्वतःचं छोटं गॅरेज आहे. लग्नाच्या वेळी फिलूमावशी माझ्या आईच्या शेजारी बसल्या होत्या. काका माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांना अजून सांगतात, पोराचा हात चांगला आहे. ही माणसं जिवंत आहेत, इथून सायकलच्या अंतरावर आहेत, आणि हे मी कागदावर तुम्हाला सांगतोय. यात कसला धीटपणा? काहीच नाही.

तुम्ही मला समजून घ्यावं, असं मी म्हणत नाही. तेव्हा मी लहान नव्हतो. मला रीत माहीत होती, वास माहीत होता, आणि गाडीत कोण बसतं तेही माहीत होतं.

काकांचा गुडघा मला भरून देता येणार नाही. पण माझ्याकडे त्यांची एक वस्तू आहे, जी मी दडवून ठेवली आहे: त्या उतारावर त्यांच्या हाताकडून काहीही चुकलं नव्हतं. ती मी त्यांना देईन. आधी घरी, त्यांच्या आणि मावशींच्या समोर बसून. मग त्या आवारात, माणसं पांगायच्या आत, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. कधी, ते आज लिहायची छाती नाही. पण पास्कोलकाका, तुम्ही आहात तोवरच देईन.