वर्गात बसल्याबद्दल गैरहजर

भिलाईतल्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवायचो. घटना समितीतल्या चर्चा सांगताना माझा आवाज इतका चढायचा, की मागच्या बाकावरची मुलं दचकून जागी व्हायची. अध्यापनातलं माझं ठोस यश एवढंच.

एका वर्षी मी ठरवलं, संविधान नुसतं शिकवायचं नाही, त्याचा सप्ताह साजरा करायचा. शेवटच्या दिवशी मुलांनी घटना समिती भरवायची. अध्यक्ष अर्थातच मी. पण त्याआधी उद्घाटन आलं, उद्घाटनाला पाहुणे आले आणि पाहुण्यांमागून तालीम आली. पुष्पगुच्छ कुणी द्यायचा, शाल कोणत्या बाजूने आणायची, दिवा लावताना पाहुण्यांच्या हातात मेणबत्ती कुणी द्यायची, यासाठी मी दहा-बारा दिवस वर्ग सोडून हॉलमध्येच होतो. हजेरीही तिथेच घ्यायचो. उद्देशिकेची तालीम मात्र राहून गेली.

समिती भरली. मुलं मी लिहून दिलेली भाषणं वाचत होती. तेवढ्यात खुर्सीपार या कामगार वस्तीतली एक मुलगी उठली. वडील स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला, हिचं बी.ए.चं शेवटचं वर्ष. तिच्या हातात माझा कागद नव्हता. हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू न देण्याआधी विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकावं, असा ठराव तिने हिंदीत मांडला.

आदल्या दिवशीच तशी यादी बोर्डावर लागली होती. तीत तिचं नाव होतं. खाली सही माझी होती.

"हा विषय कार्यक्रमपत्रिकेत नाही," मी टेबलावर डस्टर आपटला.

"सर, बिना सुने सज़ा नहीं होती, आप ही ने पढ़ाया था!" मागून एकजण ओरडला. तो वर्गात जागा असायचा, हे मला तेव्हा कळलं. ठराव मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन स्टाफरूममध्ये आली. आम्ही दोघंही मूळ विदर्भातले. कॉलेजात हिंदी बोलणारी ती आता घरच्या मराठीवर आली.

"सर, मी तं रोज येत होती."

"मग हजेरी कुठाय?"

"तुमी हॉलमंधी घेत होते ना. मी वर्गात बसून राहत होती. टाइमटेबलवर तास होता. मले वाटलं, तुमी यान."

"हॉलमध्ये कावून नाही आलीस?"

"तिथं काय शिकवून राहिले होते, सर?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती.

वहीत प्रत्येक तारखेखाली तिने फळ्यावरचं उतरवून घेतलं होतं. रोज तेच, मीच फळ्यावर लिहून ठेवलेलं: 'उद्या : नागरिकांची कर्तव्ये'.

"बाबा म्हणते, यंदा पेपर हुकले तं शिकणं बंद."

मी प्राचार्यांना पत्र लिहिलं: वहीतल्या सर्व तारखांना विद्यार्थिनी वर्गात हजर होती. शिक्षक गैरहजर होते.

प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं. "सर, दूसरा वाक्य काट दीजिए, अच्छा नहीं लगता."

खोटं कशाला बोलू, मी पेन उघडलं होतं. पण ती दाराशी उभी होती. पेन बंद केलं. प्राचार्यांनी सुस्कारा सोडून सही केली आणि तिचं नाव यादीतून निघालं.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "सर, उद्या तास आहे ना?"

"आहे."

"वर्गात, का हॉलमंधी?"