गोलकीपरच्या आईची जागा

हीथ्रोच्या दारातून बाहेर पडले तर समोर ताई उभी, आणि तिच्या गाडीच्या डिकीत माझ्या सुटकेसला जागाच नाही! एक भलीमोठी बॅग तिथे ऐसपैस पसरली होती. तिचा वास असा, की नाशिकहून आणलेला माझा सगळा उत्साह क्षणभर नाकातच अडकला.

"निनादचं किट आहे, दुरुस्तीला टाकायचंय," ताई म्हणाली. "काच खाली कर. होईल सवय."

निनाद म्हणजे माझा भाचा, ताईचा एकुलता एक. ताई इथे स्लाऊजवळच्या हॉस्पिटलात डॉक्टर, आणि मुलगा आइस हॉकीतला व्यावसायिक गोलकीपर. लहानपणी गोलात उभं राहायला कुणी तयार नव्हतं म्हणून हा राहिला, तो राहिलाच. तीन क्लब बदलले, पण सगळीकडे दोन नंबरचा. म्हणजे सामनाभर बाकावर बसायचं आणि बर्फावर जाणाऱ्या-येणाऱ्या खेळाडूंसाठी दार उघडायचं! आता मात्र एक नंबरच्या गोलकीपरचा गुडघा दुखावला होता आणि रविवारी आमचा निनाद खेळणार होता. करार याच मोसमात संपत होता. जमलं तर नवा करार, नाहीतर गोदामातली अर्धवेळ नोकरी पूर्णवेळ करायची.

शनिवारी वेम्बलीला गेलो. ईलिंग रोडवर कढीपत्त्यापासून समईच्या वातींपर्यंत सगळं मिळतं. तिथे मी मोगो (तळलेला कसावा, आपल्या रताळ्याचा लांबचा भाऊ) इतका तिखट मागवला, की डोळ्यांतून पाणी आलं. एरवी ताई पोट धरून हसली असती. आज तिने नुसता रुमाल पुढे केला; डोक्यात तिच्या रविवारचीच मॅच.

रविवारी सकाळी निनाद वरणभात जेवता जेवता म्हणाला, "मावशी, आज माझा मॅच आहे. यू आर कमिंग, ना?"

"अरे, त्यासाठी तर आलेय!" मी सुरू होणार, तेवढ्यात ताईने मला डोळ्यांनी दटावलं. मॅचच्या दिवशी गोलकीपरशी फार बोलायचं नसतं म्हणे.

दुपारी रिंकवर पोचलो. आत अशी थंडी, की शालीवर शाल घेतली. मला खुर्ची दाखवून ताई निघाली.

"तू कुठे?"

"पॅसेजमध्ये. मी तिथेच असते. मॅच संपली की दारात येते."

"म्हणजे त्याला खेळताना तू कधी पाहिलंच नाहीस?"

"अगं, दगडासारखी चकती माझ्या पोराच्या तोंडावर मारतात आणि लोक टाळ्या वाजवतात! मी दिवसभर लोकांना टाके घालते, पण हे नाही बघवत."

सामना सुरू झाला आणि मी थंडी विसरले. काय तो वेग! पक (ती रबराची काळी चकती) दिसायच्या आत निनादच्या हातमोज्यात. एकदा तर तो आडवा पडला आणि पायाच्या टोकाने अडवली! मी इतकी ओरडले, की शेजारच्या जॅनेटबाईंनी फ्लास्कमधला चहा मला देऊ केला. आम्ही एका गोलाने पुढे होतो. सामना संपत आला तशी मी आनंदाने त्यांना मोठ्यांदा म्हटलं, "अजून एकही गोल खाल्ला नाही त्याने!"

पुढच्या-मागच्या रांगा एकदम वळल्या. जॅनेटबाईंनी तोंडावर हात ठेवला. "ते बोलायचं नसतं, डिअर. नेव्हर!"

मी वरमले. बाळसेदार बाळाला गुटगुटीत म्हणायचं नाही, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का! आणि तेवढ्यात गोल झाला. एक-एक बरोबरी. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

जादा वेळेतही निकाल लागला नाही. आता एकेका खेळाडूने एकटं येऊन गोलकीपरवर फटका मारायचा. आमचा गोल झाला. त्यांचा शेवटचा फटका उरला. अडवला तर जिंकलो.

मी धावत पॅसेजमध्ये गेले. ताई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"चल आत."

"नको गं."

"ताई, चल!" मी मनगट धरून ओढतच आणलं. तिची नखं माझ्या हातात रुतली, पण डोळे उघडे होते. तो खेळाडू डावीकडे झुकला, उजवीकडे वळला. निनाद हललाच नाही. पक त्याच्या छातीवर आदळली आणि तिथेच थांबली.

काय जल्लोष झाला! जॅनेटबाई मला मिठी मारून नाचत होत्या. सगळा संघ निनादवर कोसळला. त्यातून डोकं वर काढून त्याने मुखवटा उचलला आणि हसत पॅसेजच्या दाराकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. तो दुसऱ्या दाराकडे पाहू लागला, मग तिसऱ्या.

"निनाद! अरे, मी इथे!" ताई खुर्चीवर उभी राहून दोन्ही हात हलवत होती.

नवा करार मी परतायच्या आदल्या दिवशी आला. विमानतळावर जाताना ताई अखंड बोलत होती, आणि मला वाटत होतं, माझी ताई मला परत मिळाली. एवढा देश पाहिला, पण यासाठीच आले होते असं वाटलं. निघताना मी तिला विचारलं, "आता दर मॅचला आत बसणार ना?"

"बसावं लागेल," ती म्हणाली. "मी दिसले नाही की घाबरतो गं तो."