आबांसाठी काढलेली खरखर

अमळनेरच्या बाहेर माझी रोपवाटिका आहे. मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि आठवड्यातून दोनदा धुळ्यावरून साक्रीकडच्या शेतकऱ्यांना पोचवायची. गाडी मीच चालवते. गेल्या वर्षी पहूरच्या एका केळीच्या व्यापाऱ्याकडून मी जुनी पिकअप घेतली. गाडी ताजी रंगवलेली, इंजिन दणकट. रेडिओ मात्र नुसता खरखरायचा. गाण्याची एक ओळ ऐकू आली की पुढच्या दोन ओळी खरखरीत बुडायच्या. एकटीने दोन-अडीच तास गाडी हाकायची तर सोबतीला काहीतरी बोलणारं हवंच. आणि गाडीतला रेडिओ समोर असून ऐकता येत नाही, याचा मला रागच येऊ लागला.

गॅरेजवाल्याने एरियल हलवून पाहिली आणि म्हणाला, "ताई, सेट बदलून टाका."

घरी येऊन मी हे आबांना सांगितलं. आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले. चाळीस वर्षं त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ते बंद पडलं ते गिऱ्हाईक कमी झालं म्हणून नव्हे. आबांना ऐकू कमी येऊ लागलं. दुरुस्त केलेला रेडिओ ते हातात द्यायचे आणि समोरचा माणूस म्हणायचा, "आबा, अजून खरखर येतेय की." असं तीन-चारदा झालं. मग एके दिवशी त्यांनी शटर ओढलं आणि किल्ली घरमालकाला देऊन आले. त्यानंतर ते या विषयावर बोललेच नाहीत. चारचौघांत बसले तरी नुसते मान डोलवायचे.

म्हणून गॅरेजची गोष्ट मी त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन, मोठ्याने, पण सहज सांगितली. त्यांनी जेवता जेवता हात थांबवला.

"सेट बदला, हे तर कोनी बी सांगी," ते म्हणाले. "आवाज कसा येस?"

"खराब येस, आबा."

"खराब म्हनजे कसा? काढी दाखाड."

आवाज काढून दाखवायचा! मी ताटावरच घशातून खर्रर्र केलं. आबांनी डोळे बारीक करून ऐकलं आणि म्हणाले, "सकाळी गाडीजवळ चाल."

सकाळी रोपवाटिकेच्या फाटकाशी गाडी उभी होती. रोपं लावणाऱ्या तिघी बाया कामाला आलेल्या. आबा जुना पेचकस, पाना, काचपेपर आणि हातभर वायर घेऊन शेजारच्या सीटवर बसले. मी इंजिन चालू केलं आणि रेडिओ लावला. आबांना त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. त्यांनी कान माझ्या तोंडाजवळ आणला.

"आते सांग."

"कुईंऽऽ," मी म्हटलं. "आनि त्याच्या मागून खर्रर्र."

"अ‍ॅक्सिलेटर दाब. शिट्टी वाढस का?"

मी दाबला. शिट्टी चढली. मीही चढले, "कुईंऽऽऽऽ!" बाहेर तिघी बायांनी ट्रे खाली ठेवले. एकीने पदर तोंडाला लावला. माझे कान तापले. पण आबांचा चेहरा इतका गंभीर होता की थांबायची सोय नव्हती.

"मोबाईलचा चार्जर काढ," ते म्हणाले.

सिगारेट लायटरच्या खाचेत रस्त्यावर घेतलेला स्वस्त चार्जर होता. मी तो उपसला आणि शिट्टी कापल्यासारखी थांबली.

"गयी, आबा! शिट्टी गयी!"

"आनि उरनं काय?"

मी ऐकलं. "भजी तळल्यासारखं. श्शऽऽ, तडतड."

आबा खूश झाले. कित्येक महिन्यांनी मी त्यांना असं हसताना पाहिलं. "मंग ते एरियलनं दुखनं शे," ते म्हणाले आणि खाली उतरले.

बॉनेटच्या बाजूला एरियलची दांडी होती. त्यांनी मला आत बसवून ठेवलं आणि स्वतः दांडीला बोट लावलं. तडतड कमी झाली. बोट काढलं, पुन्हा वाढली. प्रत्येक वेळी मी खिडकीतून डोकं काढून ओरडत होते, "कमी! जास्त! कमी!" मग त्यांनी वायरचं एक टोक एरियलच्या बुडाला धरलं आणि दुसरं दाराच्या बिजागरीच्या उघड्या बोल्टला टेकवलं. एकदम बाईचा स्वच्छ आवाज आला. कापसाच्या भावाबद्दल काही सांगत होती. मला त्या भावाशी काही देणंघेणं नव्हतं, पण मी हातच जोडले.

"आबा, साफ!"

"रंगवालानी अर्थिंगच झाकी टाकी," ते म्हणाले. गाडी रंगवताना एरियलच्या बुडाखालीही रंग गेला होता. लोखंडाला लोखंड लागतच नव्हतं. आबांनी नट सोडवला, काचपेपरने बुडाखालचा रंग घासून पत्रा चकाकवला आणि नट पुन्हा आवळला. त्यांचे हात मात्र जराही विसरले नव्हते.

मी आवाज मोठा केला. तरीही आबांना नीट ऐकू येईना. म्हणून मी तो अगदी शेवटपर्यंत नेला. फाटकाचा पत्रा थरथरायला लागला, बाया हसत कानावर हात ठेवून पळाल्या. आबा सीटवर मागे रेलून म्हणाले, "आते ठीक शे."

त्या दिवशी ते पहिल्यांदा माझ्याबरोबर साक्रीला आले. धुळ्यापर्यंत रेडिओ स्वच्छ होता. साक्रीच्या पुढे डोंगरातल्या एका गावी ट्रे उतरवायला गेलो तर पुन्हा खरखर सुरू झाली. मी चिंतेने त्यांच्याकडे पाहून खर्रर्र केलं.

"हाऊ दोष गाडीना नई, डोंगरना शे," त्यांनी निकाल दिला. "बंद कर. तूच काही बोल."

मग मी बोलत राहिले. ओरडून ओरडून घसा बसला, पण आईच्या माहेरच्या भांडणांपासून मिरचीवरच्या रोगापर्यंत सगळं बोलले. आबाही बोलले. दुकान का बंद केलं तेही त्यांनी स्वतःच सांगितलं. आवाज जराही हलू न देता सांगितलं आणि मग रस्त्यात दिसलेल्या बैलजोडीचं कौतुक केलं.

आता ते दर फेरीला येतात. साक्रीच्या आठवडी बाजारात ही गोष्ट मीच कुणाकुणाला सांगितली होती. हळूहळू इतर पिकअपवाले आबांकडे यायला लागले. आबांचा नियम एकच, आवाज तोंडाने काढून दाखवायचा. मिशीवाले धट्टेकट्टे ड्रायव्हर त्यांच्या कानाशी वाकून कुईं-कुईं, फर्रर्र करतात आणि भाजीवाल्या बाया पाहत बसतात.

परवा एकजण आला. म्हणाला, "आबा, मनी गाडीमा असा आवाज येस," आणि छाती भरून त्याने "घूंऽऽऽ" केलं.

आबांनी त्याच्याकडून ते तीनदा करून घेतलं.

"रेडिओ बंद कया तरी येस का?"

"येस ना."

"अरे बाबा, ते चाकनं बेअरिंग शे. आधी गॅरेजले जाय!"

तो गेला. बेअरिंगच निघालं. पुढच्या बाजाराच्या दिवशी तो आबांसाठी गरम शेव-जिलबीचा पुडा घेऊन आला आणि आम्ही तिघांनी तो पिकअपच्या मागच्या, खाली पाडलेल्या फाळक्यावर बसून संपवला.