चप्परमच्या ट्रकचा पहिला गिअर

“गिअर ड्रायव्हरच्या हातात राहू दे, भावजी. गाडीच्या मर्जीवर नक्को.”

माझे मेहुणे प्रतापराव माझ्या शेडच्या दारात उभे होते. त्यांच्यामागे एक जुना, लांब नाकाचा ट्रक होता. तो चालवत आणणारा आरोक्यम रस्त्यापलीकडे पुंगाच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली थांबला होता. हाक मारूनही आत येईना.

माझी नोकरी एका उघड्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये झाली. तिथल्या डंपरना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असत आणि ते उघडून दुरुस्त करणं हे माझं काम. निवृत्तीनंतर तंजावूरला घरी आलो आणि पापनाशमच्या रस्त्यावर ही शेड टाकली. आमच्या घरात मराठी सगळे बोलतात, लिहितो मी एकटा. म्हणून हे मराठीत लिहून ठेवतोय. आरोक्यम आणि पुढे येणारा काळियमूर्ती यांचं बोलणं अर्थातच तमिळमध्ये झालं.

प्रतापराव तिरुवैयारुच्या पलीकडे एका खेड्यातल्या देवळाचे विश्वस्त आहेत. चैत्रात तिथल्या देवाची मिरवणूक नदीपर्यंत जाते. देव बसतो तो सजवलेला मांडव म्हणजे चप्परम. पूर्वी तो लाकडी रथावर असे. रथ खिळखिळा झाल्यावर एक साधा ट्रक आला. पुढे एका भक्ताने लिलावातला हा ऑटोमॅटिक ट्रक देवाला दिला. फुकट मिळालं की आमच्या मेहुण्यांना त्यातला दोष दिसत नाही. माणसाच्या चालीने ट्रक चालवायचा तर क्लच जळतो, याला क्लचच नाही, असा त्यांचा हिशेब.

गेल्या वर्षीच्या मिरवणुकीत हा ट्रक काळियमूर्तीच्या पायावर गेला. उजव्या पायाची बोटं गेली.

काळियमूर्ती कट्टै लावणारा. कट्टै म्हणजे चाकाखाली सारायची लाकडी पाचर. रथाला ब्रेक नसतो. त्यामुळे चाकाजवळ चालणारा माणूस योग्य क्षणी पाचर सारतो तेव्हाच रथ थांबतो. हे काम त्यांच्या घराण्याचं. ट्रकला ब्रेक आहे, तरी मान त्यांचाच राहिला. कट्टै लागल्याशिवाय देव थांबला असं गावात कोणी मानत नाही.

“कसं झालं?” मी विचारलं.

“उतारावर. नदीच्या काठावरून खाली येतांना गाडी आपसूक दुसऱ्या गिअरांत गेली म्हणे, आणि पळाली. अस्के लोक, सगळं गाव, आरोक्यमलाच बोलतात, त्याने ॲक्सिलरेटर दाबला म्हणून. काळियमूर्ती तर वर्षभर त्याशी बोलला नाही. आता तो पुन्हा कट्टै धरणार म्हणतो. मी नक्को म्हटलं. ऐकतो कुठे!”

“मग दुसरा ड्रायव्हर घ्या की.”

“ही गाडी दुसऱ्या कोणाला चालवता येते काय?”

मी रस्ता ओलांडून आरोक्यमकडे गेलो. पन्नाशीचा, गळ्यात क्रूस असलेला, कमी बोलणारा माणूस. देवळाचा ट्रक चालवताना तो अनवाणी असतो.

“सार,” तो म्हणाला, “माझा पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता. एवढं या गाडीकडून वदवून घ्या. बाकी काही नको.”

मी गाडी चालवून पाहिली. तक्रार खरी होती. अशा जुन्या गिअरबॉक्समध्ये गव्हर्नर नावाचा भाग असतो. मागच्या शाफ्टबरोबर फिरणारी छोटी वजनं. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, तेलाचा दाब वाढतो आणि तो दाब गिअर वर टाकतो. ॲक्सिलरेटर त्याला विरोध करतो. उतारावर ड्रायव्हर पाय उचलतो, विरोध संपतो, आणि गाडी नेमकी नको तेव्हा वरचा गिअर घेते. इंजिनची पकड सैल पडते आणि गाडी पुढे धावते. लिव्हरवर पहिल्या गिअरची जागा होती, पण आतला व्हॉल्व्ह झिजून ती नावापुरतीच उरली होती. गव्हर्नरची स्प्रिंगही थकलेली. नवे भाग मिळत नव्हते.

म्हणून मी व्हॉल्व्ह बॉडी उघडली. तेलाच्या वाटा कोरलेला हा ॲल्युमिनियमचा ठोकळा म्हणजे गिअरबॉक्सचं डोकं. गव्हर्नरकडून येणारी वाट प्लग ठोकून बंद केली. गिअर बदलणाऱ्या व्हॉल्व्हना सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारे छोटे नळ, बसवले आणि त्यांची बटणं स्टिअरिंगजवळ आणली. वरचं बटण दाबलं तर गिअर वर, खालचं दाबलं तर खाली, नाहीतर आहे तिथेच. वेगात असताना चुकून पहिला पडू नये म्हणून एक अटकावही घातला. काम चोख झालं. मी स्वतःवर खूश होतो हे लपवत नाही.

ट्रायलला देवाऐवजी भाताची पोती भरली. आरोक्यमने काठावरून उतार घेतला. पाय ब्रेकवर नुसता टेकवलेला. गाडी पहिल्यात राहिली आणि शांतपणे चालत खाली आली. प्रतापरावांनी तिथेच हात जोडले.

“सुटलो, भावजी!”

उताराच्या पायथ्याशी सपाट जागी एक दगडी मंडप आहे. देव नदीवर जाण्याआधी तिथे थांबतो. तिथे काळियमूर्ती कट्टै घेऊन उभा होता. सडसडीत, पिकल्या केसांचा, उजव्या पायाने लंगडणारा. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. तो ट्रककडे बघत होता, ड्रायव्हरकडे नाही.

“थांबवायचं ते नेहमीसारखं थांबवू,” तो मला म्हणाला. “ट्रायल म्हणजे पूर्ण ट्रायल.”

गाडी मंडपासमोर येताच त्याने “होऽ” अशी हाळी दिली, वाकून पुढच्या चाकाखाली कट्टै सारली आणि बाजूला झाला. चाक पाचरीला टेकलं. गाडी थांबली. आरोक्यमने दोन्ही पाय मागे घेतले, स्टिअरिंग सोडलं आणि समोर देव नसतानाही हात जोडले. कट्टै लागली की ती निघेपर्यंत ड्रायव्हरनेही हात जोडून बसायचं, ही तिथली रीत. आधीचा साधा ट्रक होता तेव्हाही हेच चालायचं.

मी बॉनेटशेजारी उभा होतो. इंजिनचा आवाज मला पटेना. उभ्या गाडीचं इंजिन हलकं वाजतं. हे भरून आल्यासारखं वाजत होतं. खाली पाचरीचं लाकूड बारीक कुरकुरत होतं. काळियमूर्ती ती काढायला वाकला. दुखरा पाय दुमडता येत नव्हता म्हणून त्याने तो सरळ चाकापुढे पसरला होता.

“हात लावू नकोस!” मी ओरडलो. “मागे हो! आरोक्यम, ब्रेक!”

आरोक्यमने ब्रेक दाबला. काळियमूर्ती चिडून उभा राहिला.

“गाडी तर उभी आहे,” तो म्हणाला.

“उभी नाही. तुझ्या कट्टैला ढकलते आहे.”

साध्या ट्रकमध्ये क्लच न दाबता चाकाला पाचर लागली तर इंजिन आचका देऊन बंद पडतं, आणि गाडी गिअरमध्ये अडकून खरोखर उभी राहते. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये तेल असतं. चाक अडलं तरी इंजिन बंद पडत नाही. ते तेल घुसळत राहतं आणि चाकाला ढकलत राहतं. बघणाऱ्याला गाडी थांबलेली दिसते. पाचर काढली की ती त्याच क्षणी पुढे येते. त्यासाठी ॲक्सिलरेटर लागत नाही आणि दुसरा गिअरही लागत नाही.

आता तर गाडी पहिल्यात होती, म्हणजे ढकलण्याचा जोर आणखी जास्त. माझ्या चोख कामाने तो वाढवला होता.

मी आरोक्यमला न्यूट्रल टाकायला सांगितलं, मग ब्रेक सोडायला. ट्रक पाचरीवरून हातभर मागे सरकला आणि स्थिर झाला. सगळ्यांनी पाहिलं. इतका वेळ तो पाचरीवर चढू पाहत होता.

“गेल्या वर्षी कुठे लागलं तुला?” मी काळियमूर्तीला विचारलं. हे मी आधीच विचारायला हवं होतं. सगळे ‘उतारावर’ म्हणाले आणि मी ते धरून चाललो.

त्याने पायाखालची जागा दाखवली. “इथेच. आरती झाली. कट्टै ओढली आणि गाडी आली.”

“मग आरोक्यमचा पाय कशावरच नव्हता. तो हात जोडून बसला होता.”

काळियमूर्तीने चाकाकडे पाहिलं. आरोक्यम केबिनमधून उतरला नाही. त्याने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं होतं.

“म्हणजे गाडी मीच सोडली,” काळियमूर्ती म्हणाला.

मला फार वाईट वाटलं. एका माणसाच्या डोक्यावरचं खापर काढून मी दुसऱ्याच्या हातात दिलं होतं, आणि दुसऱ्याच्या तर पायाची बोटंच गेली होती.

“तुला कोणी सांगितलं नाही,” मी म्हणालो. “गाडी बदलली. ती कशी थांबते हे तुला सांगायला हवं होतं. ते काम तुझंही नव्हतं आणि त्याचंही नव्हतं.”

हे म्हणताना मी प्रतापरावांकडे पाहिलं. ते उपरण्याने मान पुसत होते.

“मग कट्टैच नक्को,” ते मला म्हणाले. “ब्रेक आहे की!”

मला तिडीक आली. “त्याने पाय दिला तो कट्टैसाठी, आणि तुम्ही आता ती काढून घेणार? गाडी बदललीत ती पुरे.”

काळियमूर्तीला मराठी येत नाही, पण काय चाललंय ते त्याला कळलं असावं. त्याने पाचर उचलून छातीशी धरली.

मी ट्रक परत शेडवर आणला. पुढच्या बंपरवर हिरवा दिवा बसवला. तो दोन गोष्टी जमल्या तरच लागतो. हँडब्रेक ओढलेला हवा, आणि गिअरबॉक्सच्या आत गाडीला पुढे ढकलणारा जो क्लच असतो, त्यातला तेलाचा दाब उतरलेला हवा. लिव्हर न्यूट्रलवर आहे एवढ्यावर मी विसंबलो नाही, दाब मोजणारा स्विचच लावला. दोघांना समोर उभं करून सांगितलं. थांबताना कट्टै, हँडब्रेक, न्यूट्रल, मग हात जोडा. निघताना हिरवा दिवा दिसल्याशिवाय कट्टैला हात नाही. दोघांनी मान डोलावली. एकमेकांकडे पाहिलं नाही.

उत्सवाच्या दिवशी मी मिरवणुकीबरोबर चालत होतो. सगळा वेळ जीव टांगणीला. उतारावर गाडी पहिल्यात राहिली. मंडपासमोर कट्टै लागली, आरती झाली, हिरवा दिवा लागला. काळियमूर्ती वाकला. दिव्याकडे पाहिलं. कट्टैला हात लावला नाही. पुन्हा सरळ झाला. गर्दी थांबली, नादस्वरवालाही थांबला.

फुलांच्या माळांनी काच झाकलेली होती, ड्रायव्हरपुरती एक फट ठेवून. काळियमूर्तीने त्या फटीकडे मान वर केली.

“आरोक्यम,” तो म्हणाला, “काढू का?”

आतून उत्तर आलं.

“काढ, अण्णा.”

त्याने कट्टै काढली. ट्रक जागचा हलला नाही. मी मंडपाच्या पायरीवर बसलो आणि डोळे पुसले.

हे काम करून मी एवढंच शिकलो. गिअरबॉक्स बदलला तर ड्रायव्हरला शिकवून भागत नाही, गाडीपुढे चालणाऱ्यालाही शिकवावं लागतं.

हिरवा दिवा अजून बंपरवर आहे. चांगला चालतो. त्याच्याकडे कोणी बघत नाही. दर थांब्यावर काळियमूर्ती विचारतो, आणि आरोक्यम उत्तर देतो.